शास्त्र, विज्ञान आणि संस्थेचे शिकणे
अहमदाबाद येथील विणाईखात्यातील एका प्रयोगाचा विचार

१

मराठीत ‘शास्त्र’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र या शब्दांत त्याचा अर्थ पाहून, मोजून व ताडून मिळविलेले आणि नवा पुरावा समोर येताच बदलावयास सिद्ध असलेले ज्ञान असा होतो. धर्मशास्त्र या शब्दात मात्र त्याचा अर्थ घालून दिलेला नियम असा आहे. तो नियम पाळावयाचा असतो, तपासावयाचा नसतो. या दुसऱ्या अर्थाची छाया व्यवहारातील भाषेवर अधिक गडद आहे. ‘शास्त्रापुरते’ करणे म्हणजे हेतूकडे न पाहता केवळ नियमाचे समाधान होईल एवढेच करणे, हे कोणाही मराठी भाषकास सांगावे लागत नाही.

व्यवस्थापनाच्या क्षेत्रात ‘शास्त्रीय’ हे विशेषण वापरले जाते तेव्हा या दोहोंपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हा प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. वस्तुतः तो शाब्दिक नाही. कारखाना, कचेरी, रुग्णालय अथवा विद्यापीठ यांपैकी कोणतीही संस्था आपल्या अनुभवावरून शिकू शकते की नाही, हे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. शिवाय एखादी योजना फसल्यास दोष कोणाच्या माथी मारला जातो, हेही त्यावरूनच ठरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न अहमदाबाद येथील कापडगिरणीत १९५३ साली सुरू झालेल्या एका प्रयोगाच्या आधारे तपासावयाचा आहे. अहमदाबाद त्या वेळी मुंबई राज्यात होते. हा प्रयोग जगभर व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांतून शिकविला जातो. परंतु त्याचा आरंभ जितका प्रसिद्ध आहे तितका त्याचा शेवट नाही, आणि विचार करण्यासारखे पुष्कळसे त्या शेवटातच आहे.

२

‘शास्त्रीय व्यवस्थापन’ ही संज्ञा फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वत्र रूढ झाली. टेलरची पद्धती थोडक्यात अशी होती. कोणतेही काम घ्यावे, त्याचे लहान लहान हालचालींत विभाजन करावे, प्रत्येक हालचालीस लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा, निरुपयोगी हालचाली गाळाव्यात आणि उरलेल्यांतून त्या कामाची एकमेव सर्वोत्तम रीत निश्चित करावी. ही रीत ठरविणे हे व्यवस्थापनाचे काम, व ती तंतोतंत पाळणे हे कामगाराचे काम.

टेलरच्या पूर्वी कारखान्यातील बहुतेक निर्णय परंपरेने अथवा मुकादमाच्या मर्जीने होत. तेथे मापनाची शिस्त आणणे ही सामान्य गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याच्या विचारात एक उणीव होती. मापन चालू असेपर्यंत त्याची पद्धती विज्ञानाची होती. मापन संपून रीत ठरली की ती दुसऱ्या अर्थाने शास्त्र होत असे. ठरलेली रीत प्रत्यक्षात यशस्वी झाली नाही, तर रीतीचे गृहीतक चुकले असावे असा संशय घेण्याचा अधिकार ज्याच्या हाताखालून काम जात होते त्याला नव्हता, आणि ज्याला तो अधिकार होता तो कामापासून दूर बसलेला होता. १९११ सालच्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारातील ओतारी कामगारांनी घड्याळी मापनाविरुद्ध काम बंद केले व प्रकरण अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपर्यंत गेले. या विरोधामागे वेतनाचा व मानापमानाचा प्रश्न होताच. परंतु ज्ञान कोणाचे मानावयाचे, हाही प्रश्न त्यात दडलेला होता.

३

अहमदाबादची कॅलिको गिरणी साराभाई कुटुंबाच्या व्यवस्थापनाखाली होती. १९५२ साली तिच्या एका विणाईखात्यात स्वयंचलित माग बसविण्यात आले. साध्या मागावर धोट्यातील कांडी संपली की विणकराला माग थांबवून ती बदलावी लागते. स्वयंचलित मागावर ती आपोआप बदलते. साहजिकच एका विणकराला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक माग सांभाळता येतील आणि कापडाचे उत्पादनही वाढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्रे नवी असूनही काम अपेक्षेप्रमाणे होईना, आणि कापडाचा दर्जाही समाधानकारक राहीना.

अशा प्रसंगी ठराविक कारणे तोंडाशी येतात. कामगार नव्या यंत्रांना सरावलेले नाहीत, ते मन लावून काम करीत नाहीत, येथील हवाच या यंत्रांना मानवत नाही, इत्यादी. या कारणांचा दोष असा की त्यांपैकी कोणतेही कारण कोणत्याही अपयशाला लावता येते, व म्हणूनच त्यांची कसोटी घेता येत नाही. गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी हा प्रश्न लंडन येथील टॅव्हिस्टॉक मानवसंबंध संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांच्यापुढे ठेवला, आणि १९५३ साली राइस अहमदाबादेस आले. त्या संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफर्थ या दोघांनी इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींविषयीचा आपला अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला होता. नवे यंत्र आले की कामाची जुनी माणुसकीची वीण उसवते, आणि ती नव्याने घातल्यावाचून यंत्राचा पुरता लाभ मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. राइस हाच विचार घेऊन विणाईखात्यात उतरले.

४

त्या खात्यात २२४ स्वयंचलित माग होते व त्यांवरील काम बारा प्रकारच्या कामगारांत वाटलेले होते. विणकराकडे २४ किंवा ३२ माग असत. मागाच्या बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० किंवा ५०, आणि पुष्कळ तारा एकदम तुटून झालेला गुंता सोडविणाऱ्याकडे ६० किंवा ८० माग असत. नवा बीम चढविणारा, कापड उचलून नेणारा, जॉबर आणि त्याचा मदतनीस यांपैकी प्रत्येकाकडे ११२ माग होते. बॉबिन आणणारा, तेल घालणारा, झाडूवाला, कांडी संपत आल्याची सूचना देणारी यंत्रणा जुळविणारा आणि खात्यातील हवेचा दमटपणा राखणारा हे प्रत्येकी सर्व २२४ मागांसाठी होते.

यांपैकी प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाहिला असता त्यात काही वावगे दिसत नाही. त्या त्या कामास लागणारा वेळ मोजून काढलेले ते आकडे होते. विसंगती दिसते ती आकडे एकमेकांशेजारी ठेवल्यावर. समजा, मागांना एकापुढे एक असे क्रमांक दिले आहेत. पहिल्या विणकराचे माग १ ते २४, दुसऱ्याचे २५ ते ४८. बॅटरी भरणाऱ्याचे माग १ ते ४०. म्हणजे पहिल्या विणकराला एक बॅटरीवाला पुरतो, पण दुसऱ्याचे १६ माग एकाकडे व ८ माग दुसऱ्याकडे जातात. गुंता सोडविणाऱ्याची हद्द ६०व्या मागाशी संपते. ती तिसऱ्या विणकराच्या मागांच्या मधोमध पडते. अशा रीतीने कोणाही दोघांची हद्द क्वचितच जुळते. एका मागाचे कापड नीट उतरावे यासाठी बाराजणांच्या कामाचा मेळ बसावा लागतो. परंतु हे बाराजण मिळून आपला म्हणावा असा मागांचा एकही समूह खात्यात नव्हता. तारा फार तुटू लागल्या तर विणकराने गुंता सोडविणाऱ्याची वाट पाहावयाची. तो दुसऱ्या विणकराकडे अडकलेला असावयाचा, आणि त्याने कोणाकडे आधी जावे हे त्या दोघा विणकरांना मिळून ठरविता येत नसे. सुताचा नंबर अथवा कापडाचा प्रकार बदलला की प्रत्येकाच्या कामाचा भार निरनिराळ्या प्रमाणात बदले व पूर्वीची वाटणी विसकटून जाई.

भाषेच्या अभ्यासकाला ही विश्लेषणरीती अपरिचित वाटणार नाही. एखाद्या वर्णाचे मूल्य त्याच्या उच्चाराचे कितीही सूक्ष्म मापन केले तरी कळत नाही; त्या भाषेतील इतर वर्णांशी त्याचा संबंध काय, यावरून ते ठरते. विणाईखात्यातही प्रत्येक काम सुटे सुटे मोजलेले होते, पण कामांमधील संबंध कोणी मोजलेले नव्हते. दोष कोणत्याही एका घटकात नव्हता, म्हणून घटक तपासणाऱ्याला तो सापडत नव्हता.

५

राइस यांनी सुचविलेला बदल सोपा होता. मागांचा एक निश्चित समूह घ्यावा व त्यावरील जवळजवळ सर्व काम एका लहान गटाकडे सोपवावे. गटातील माणसांनी आपसात कामाची वाटणी करावी, गरजेप्रमाणे एकमेकांची कामे करावीत, आणि गटातूनच एकाने पुढारपण करावे. ही कल्पना प्रथम व्यवस्थापकांशी व पर्यवेक्षकांशी बोलून नंतर कामगारांपुढे मांडण्यात आली. पुढे जे घडले ते कोणाच्याच योजनेत नव्हते. कामगारांनी ही कल्पना तत्काळ उचलली आणि कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हे आपसात ठरवून स्वतःच गट उभे केले.

या प्रयोगाचे मापन कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. ‘काम चांगले झाले’ हे वाक्य कसोटीला उतरविता येत नाही, कारण ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून दोन शब्दांचे अर्थ क्रियेने बांधून घेण्यात आले. माग संपूर्ण पाळीभर अखंड चालला असता तर आडव्या सुताच्या जितक्या फेऱ्या पडल्या असत्या, त्यांच्याशी प्रत्यक्ष पडलेल्या फेऱ्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे ‘कार्यक्षमता’. तपासनिसाने ठरलेल्या दर्जाचे नाही म्हणून बाजूला काढलेल्या कापडाचे शेकडा प्रमाण म्हणजे ‘नुकसान’. एकाऐवजी दोन मापे घेण्यात शहाणपण होते. केवळ कार्यक्षमता मोजली असती तर तुटक्या तारांकडे काणाडोळा करून माग दामटता आला असता. केवळ नुकसान मोजले असते तर माग वारंवार थांबवून कापड निर्दोष ठेवता आले असते. दोन्ही मापे एकाच वेळी सुधारली तरच व्यवस्था सुधारली असे म्हणता येते. गट स्थिरावल्यानंतर कार्यक्षमता वाढली आणि नुकसान घटले. यंत्रे तीच, कामगार तेच, हवाही तीच होती.

या निष्कर्षाविरुद्ध एक आक्षेप संभवतो व तो दुर्लक्षण्याजोगा नाही. अमेरिकेत शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. माणसांचे निरीक्षण होत आहे, त्यांच्याकडे लक्ष दिले जात आहे, एवढ्यानेच त्यांचे काम काही काळ सुधारू शकते, असा त्या प्रयोगांचा एक अर्थ लावण्यात आला आहे. या अर्थाविषयी नंतर पुष्कळ वाद झाला. तरी शंका म्हणून ती उपयुक्तच आहे. अहमदाबादेतही परदेशी संशोधक आले, वरिष्ठांचे लक्ष वेधले गेले, कामाची वाटणी आणि जबाबदारी एकाच वेळी बदलली. सुधारणा नेमकी कशामुळे झाली, हे एका खात्याच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून निर्विवाद ठरविता येत नाही. त्यासाठी एकच कसोटी उरते, ती काळाची. संशोधक निघून गेल्यावर व नवलाई ओसरल्यावर काय उरले?

६

राइस यांनी १९५८ साली हा प्रयोग ग्रंथरूपाने मांडला व त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली गिरणीस पुन्हा भेट देऊन गटपद्धतीचे पुढे काय झाले याची पाहणी केली. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष दुहेरी आहे. एका ठिकाणी गटपद्धती आणि कामाची पातळी सुमारे सोळा वर्षे जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. हॉथॉर्नच्या आक्षेपाला हे पुरेसे सबळ उत्तर आहे, कारण पाहुण्याच्या लक्षाचा परिणाम सोळा वर्षे टिकत नाही. परंतु इतर ठिकाणी ही पद्धती कमीअधिक प्रमाणात ढासळून कामाची वाटणी पुन्हा जुन्या वळणावर गेली होती.

असे का व्हावे? मिलर यांच्या मांडणीचा आशय असा की, गटाला आपले काम आपण चालविता यावे यासाठी त्याची हद्द कोणीतरी राखावी लागते. बाहेरची परिस्थिती फारशी बदलली नाही तेथे ती आपोआप राखली गेली. जेथे परिस्थिती अधिक बदलली तेथे हद्द राखण्याचे काम कठीण झाले व ते झाले नाही. अडचण आली की पर्यवेक्षकाने गटाच्या आतल्या कामात हात घालणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया होय. आणि असा प्रत्येक हात त्या क्षणी उपयोगी वाटला तरी गटाचे गटपण थोडेथोडे कमी करतो. येथे कोणी गटपद्धती मोडण्याचा निर्णय घेतला असे नव्हे. ती कोणत्या अटींवर उभी आहे हे पाहत राहण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून ती झिजली.

या पाहणीचे महत्त्व येथे आहे. १९५३ साली गिरणी एक गोष्ट शिकली. परंतु कसे शिकावयाचे, हे तिच्या रचनेत सर्वत्र मुरले नाही. गटपद्धती ही आरंभी गृहीतक होती. यशस्वी झाल्यावर ती रीत बनली. आणि रीत बनल्यावर तिला टेलरच्या सर्वोत्तम रीतीचीच गती प्राप्त झाली. ती पाळली गेली किंवा सुटली, पण तपासली गेली नाही. कामगारांना मोकळीक देणारी पद्धतीदेखील अशा प्रकारे शास्त्रापुरती उरू शकते.

७

हा धोका टाळण्याचा विचार वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने पूर्वीच मांडला होता. १९३९ सालच्या ग्रंथात त्याने असे दाखविले की वस्तूचे प्रमाण ठरविणे, ती तयार करणे आणि ती तपासणे या कारखान्यातील तीन पायऱ्या म्हणजेच विज्ञानातील गृहीतक, प्रयोग आणि गृहीतकाची कसोटी होत. आणि त्या सरळ रेषेत नसून वर्तुळात आहेत, कारण तपासणीतून निघालेले ज्ञान पुन्हा प्रमाण ठरविण्याकडे आले पाहिजे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ साली भारतात येऊन गेले, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेने येथील कारखान्यांत हा विचार पोहोचविण्याचे काम हाती घेतले. टेलरची रेषा जेथे संपते तेथून शूहार्टचे वर्तुळ वळण घेते.

क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ साली संस्थांच्या शिकण्याचे दोन प्रकार वेगळे केले. खोलीचे तापमान ठराविक अंशावर ठेवणारे यंत्र तापमान घसरताच उष्णता सुरू करते. चूक दुरुस्त होते, पण ठराविक अंशच योग्य आहे काय, असे ते यंत्र विचारीत नाही. बहुतेक संस्थांचे शिकणे या प्रकारचे असते. दुसऱ्या प्रकारात चूक घडविणाऱ्या मूळ गृहीतकाचाच विचार होतो. विणकराकडे २४ ऐवजी २० माग देऊन पाहणे हा पहिला प्रकार झाला. मागांची वाटणी माणशी का करावयाची, असे विचारणे हा दुसरा. या लेखकद्वयाच्या मते दुसऱ्या प्रकारच्या शिकण्यात मुख्य अडथळा बुद्धीचा नसून भीतीचा असतो. मूळ गृहीतकावर बोट ठेवणे म्हणजे ते ठरविणाऱ्या वरिष्ठावर बोट ठेवणे असे समजले जाते, आणि म्हणून सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच उच्चारीत नाही.

८

या विवेचनावरून, एखाद्या संस्थेची दृष्टी विज्ञानाची आहे की नाही हे ओळखण्याच्या तीन खुणा सांगता येतात. पहिली खूण अशी की, बदल करताना त्यातून काय घडावे ही अपेक्षा आधी व स्पष्ट लिहून ठेवलेली असते. नंतर लिहिलेली अपेक्षा कधीच चुकत नाही. दुसरी खूण शब्दांची आहे. ‘कार्यक्षमता’, ‘दर्जा’, ‘प्रगती’ या शब्दांचे अर्थ, दोन निरनिराळ्या माणसांनी मोजले तरी सारखेच उत्तर यावे इतके, क्रियेने बांधलेले असतात. तिसरी खूण सर्वांत दुर्मिळ आहे. ज्याच्या हाताखालून काम जाते त्याला ‘हे गृहीतक चुकले’ असे म्हणता येते, आणि त्याचे म्हणणे तक्रार म्हणून नव्हे तर निरीक्षण म्हणून नोंदले जाते.

घड्याळ, तक्ते, आकडे व अहवाल या तिन्ही खुणांवाचूनही असू शकतात. विद्यापीठीय विभागांनाही हे लागू आहे. वार्षिक अहवालात व्याख्यानांची व उत्तीर्णांची संख्या दरवर्षी नोंदली जाते; परंतु अभ्यासक्रम बदलताना विद्यार्थ्याला नवे काय यावे अशी अपेक्षा होती, आणि ते आले किंवा नाही, हे त्या अहवालावरून कळत नसेल, तर ती नोंद शास्त्रापुरती झाली असेच म्हणावे लागेल.

कॅलिको गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. त्याची कारणे वस्त्रोद्योगाच्या व्यापक इतिहासात आहेत. कामाच्या कोणत्याही रचनेने ती टळली असती, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु तेथील विणाईखात्याने एक गोष्ट दाखवून दिली. १९५२ साली जे कामगार नव्या यंत्रांवर अपेक्षित काम देऊ शकत नव्हते, त्याच कामगारांनी रचना बदलताच आपले गट आपण उभे केले व काम सुधारून दाखविले. अपयशाचे कारण माणसात शोधण्यापूर्वी ते रचनेत शोधावे, आणि सापडलेल्या उत्तरालाही पुन्हा कसोटीस लावावे, हा त्या प्रयोगाचा बोध आहे. यातील पहिला अर्धा भाग गिरणीने आचरणात आणला. दुसरा अर्धा मात्र कोणत्याही संस्थेस एकदाच आचरून पुरत नाही.